खारा बर्फ आणि सतरा कोंब

तोचिदाइरा,
८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप तोमोहिसादादा यांच्या चरणी, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे, म्हणजे काइजुनचे, कमरेत वाकून (अलीकडे सरळ होताना आवाज येतो) नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू लागला असेल, चिरंजीवांनी परीक्षेचा निकाल अजून लपवून ठेवला असेल आणि तुमच्या ओसाकाच्या शीतगृहात मासे व आइस्क्रीम सुखरूप असतील, असं धरून चालतो. इकडे फुमिए ठीक आहे. देवळाचं छप्पर ठीक आहे. बाबा खाली शहरातल्या शुश्रूषागृहात आहेत आणि तिथल्या जेवणाविषयी अजून मतं मांडतात.

आता मुख्य विषय, म्हणजे तक्रार. तुमच्या जानेवारीतल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत तुम्ही लिहिलंत, ‘तिकडे सध्या बर्फाच्या राशी पडल्या असतील, उपसून उपसून जीव मेटाकुटीला आला असेल.’ दादा, हे वाक्य मी तुमच्याकडून परत घेण्याची रीतसर मागणी करतो. पत्राची सुरुवात हवामानानं करायची आपल्याकडे रीत आहे हे मला ठाऊक आहे, आणि ते वाक्य तुम्ही सवयीनं लिहिलंत हेही कळतं. परंतु ज्या दिवशी ते माझ्या हाती पडलं त्या दिवशी अंगण असं ठणठणीत कोरडं होतं की फुमिएनं तिथं मुळे वाळत घातले होते. हिम, तुहिन, तुषार, प्रालेय, अवश्याय असे शब्द मला तरुणपणापासून तोंडपाठ आहेत, पण अंगणात त्यांपैकी एकही नव्हता. मी पत्र हातात धरून मुख्य सभागृहाच्या पायरीवर उभा राहिलो आणि तुमच्यावर रागावलो. (राग अर्ध्या तासात गेला. तक्रार कायम आहे, कारण ती लिहायला मी चांगला कागद काढला आहे.)

बर्फ नव्हता याचं दुःख मला का, असं तुम्ही विचाराल. सव्वीस वर्षं छपरावरचा बर्फ उपसून ज्याची कंबर गेली त्या माणसानं खरं तर पेढे वाटायला हवेत. पण सभागृहाच्या उत्तरेला बाबांचा वाफा आहे. तुम्ही लहानपणी त्यात चेंडू मारून दोन फुलं मोडली होतीत आणि त्यानंतर तुमच्या कानाचं जे झालं ते फुमिए अजून हावभावांसकट सांगते, तोच वाफा. रोपवाटिकेतून आणलेल्या ऑर्किडच्या तीन कोंबांपासून बाबांनी एक्केचाळीस वर्षांत सतरा कोंब केले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकावर एकेक जांभळट-तांबडं, फुगलेल्या बटव्यासारखं फूल येतं, आणि सगळं गाव पायतळी बघत, हळूहळू, जणू कुणी झोपलेलं आहे अशा चालीनं त्यांना बघायला येतं. शुश्रूषागृहातल्या मुख्य बाईंनी हवा चांगली असली तर त्या आठवड्यात बाबांना एका दिवसासाठी घरी आणायची परवानगी दिली आहे. मी बाबांना शब्द दिला आहे की त्या दिवशी सतराच्या सतरा उभी असतील आणि त्यांची खुर्ची वाफ्यासमोर मांडलेली असेल. तेव्हा यंदाचा हिवाळा हा माझ्या दृष्टीनं ऋतू नव्हता, परीक्षा होती.

या झाडाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेलच, तरी थोडं शास्त्र सांगतो (सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही). लोकांना वाटतं ऑर्किड म्हणजे काचघरातली नाजूक राणी. आपलं हे ऑर्किड तसं नाही. हे थंडीनं मरत नाही, उबेनं मरतं. त्याला सहा महिने गारठ्यात पडून राहायचं असतं आणि त्या काळात कुणी विचारपूस केलेली त्याला खपत नाही. याचा पुरावा म्हणजे आपले भक्तमंडळाचे प्रमुख ओबिनाताकाका. बाबांनी त्यांना साठीनिमित्त एक कोंब कुंडीत घालून दिला होता. काकांनी तो घरात नेला, पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारी शेगडीच्या टेबलापाशी ठेवला, आणि रात्री गोधडीचं एक टोक त्याच्यावर घातलं. त्या घरात इतकी माया काकूंच्या वाट्यालाही कधी आली नव्हती. मार्चमध्ये कुंडीत मऊ काळा गोळा निघाला. बाबा त्यांना रागावले नाहीत, नुसतं ‘हं’ म्हणाले. ते ‘हं’ ओबिनाताकाका आज अठरा वर्षं बाळगून आहेत. पुढची हकिकत समजण्यासाठी हे ‘हं’ लक्षात असू द्या.

तर असं हे थंडीचं लाडकं झाड. मग बर्फ हवाच कशाला, हा पूर्वपक्ष. सिद्धान्त असा, की त्याला थंडी हवी पण पांघरुणाखालची. दरवर्षी सभागृहाच्या छपरावरून घसरलेला बर्फ वाफ्यावर माणसाच्या उंचीइतका साठतो, आणि त्याच्या पोटात कोंब शून्याच्या आसपास, ना कमी ना जास्त, मार्च संपेपर्यंत घोरत पडतात. यंदा थंडी आली उणे बाराची आणि पांघरूण आलंच नाही. उघड्या मातीत पहाटे बर्फाच्या सुया उगवतात, माती बोटभर वर उचलतात आणि दुपारी सोडून देतात. माती परत जागेवर बसते, पण कोंब बसत नाही. तो वर येऊन उघडा पडतो आणि खाली मुळं तटातट तुटतात. जानेवारीच्या दहा तारखेला मी गुडघ्यावर बसून पाहिलं तर तिसरा आणि अकरावा कोंब डोकं वर काढून बसले होते. मी त्यांना बोटानं खाली दाबलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार.

उपाय सुचवणाऱ्यांची गावात टंचाई नाही. पलीकडच्या मिनेआजींनी भाताचा पेंढा घाला म्हटलं. पेंढ्यात उंदीर बाळंतपणाला येतात आणि कोंब डोहाळ्याला खातात, हे बाबांचं मत मी त्यांना ऐकवलं. त्यावर त्या म्हणाल्या, की मग उंदरांना मंत्र घालायचा, सव्वीस वर्षं देवळात बसून एवढंही येत नाही होय. प्लास्टिक घातलं तर आत वाफ धरते. शेवटी देवळातली एक जुनी जरीची झूल दुहेरी करून अंथरावी असा विचार माझ्या मनात आला होता, तो मी फक्त मोठ्यानं बोललो. फुमिएनं तो ऐकला, आणि संध्याकाळपासून वस्त्रांच्या कपाटाची किल्ली सापडत नाही.

तेव्हा भक्तमंडळाच्या मासिक बैठकीत, चहा आणि नोझावाना या पालेभाजीचं लोणचं फिरून झाल्यावर, मी गंभीरपणे जाहीर केलं की देवळाला बर्फ हवा आहे. या गावाचा इतिहास काय, तर आपला बर्फ दुसऱ्याच्या हद्दीत कसा लोटावा. ओबिनाता आणि समोरचे उसुइ यांच्यात एका फावड्याभर बर्फावरून एकोणीस वर्षं बोलणं नाही. तिथं एक माणूस, तोही बाहेरून जावई होऊन आलेला आणि चौपन्नाव्या वर्षीही ‘धाकटे महाराज’ म्हणवला जाणारा (थोरले अजून बाबाच), उठून म्हणतो की बर्फ माझ्याकडे टाका. उसुइंनी डोळे मिटले. मिनेआजींनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. फक्त ओबिनाताकाका पुढे सरकले आणि त्यांनी किती हवा, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांचा छोटा ट्रक अंगणात. घाटमाथ्यावर यंदाही बर्फ आहे, तिथून चार खेपा करून त्यांनी वाफ्यावर छातीइतका ढीग घातला, फावड्याच्या पाठीनं थोपटला, कडा चाकूनं कापल्यासारख्या सरळ केल्या. वय अठ्ठ्याहत्तर. मुलीचं लग्न लावून दिल्यासारखा चेहरा. माझ्या मनात समाधान दाटून आलं आणि मी त्यांना, पूर्ण विचारान्ती, सांगितलं की अठरा वर्षांपूर्वीचं सगळं फिटलं. (हे मी फार लवकर बोललो.)

तीन दिवस मी त्या ढिगाकडे कौतुकानं पाहत होतो. चौथ्या दिवशी फुमिए म्हणाली, की सगळं गाव गोठलंय, विहिरीचा दोर काठीसारखा उभा राहतोय, आणि आपलाच ढीग पाणी कसा सोडतोय. मी तिला उष्णता, सूर्याचा कोन आणि सभागृहाच्या भिंतीची परावर्तनशक्ती यांविषयी समजावून सांगितलं. भिंत उत्तरेची आहे, असं ती म्हणाली. मग मी गुडघ्यांवर बसलो, ढिगाच्या पायथ्याचा चिमूटभर बर्फ उचलला आणि जिभेवर ठेवला.

दादा, तो कडवट खारट होता. ओबिनाताकाकांनी तो घाटमाथ्यावरच्या गाड्या लावायच्या जागेतून भरला होता, जिथं यंत्रानं रस्त्यावरचा बर्फ लोटलेला असतो, आणि रस्त्यावर बर्फ वितळवायची पांढरी भुकटी पोत्यांनी ओतलेली असते. ज्या झाडाला आयुष्यात कुणी चमचाभर खतही घातलं नाही त्याच्या उशाशी आम्ही चार ट्रक क्षार रचून ठेवले होते. खात्री करून घ्यावी म्हणून मी चार ठिकाणचा बर्फ चाखला, आणि चौथ्या ठिकाणी, हातपाय टेकून जीभ बाहेर काढलेली असताना, मान वळवली तर कुंपणापलीकडे मिनेआजी आणि त्यांच्या दोन मैत्रिणी हात जोडून उभ्या.

त्यांचा समज सरळ होता. कडाक्याच्या थंडीच्या या दिवसांत आपल्या पंथाचे लोक साधना करतात, गार पाणी अंगावर घेतात, अनवाणी फिरतात. धाकट्या महाराजांनी यंदा काही नवा, अधिक खडतर प्रकार आरंभला असावा. दुपारपर्यंत गावभर झालं की महाराज बर्फ चाटतात. मी खुलासा करणार होतो. पण खुलासा केला तर ओबिनाताकाकांचा बर्फ विषारी ठरतो, आणि त्या अठरा वर्षं जुन्या ‘हं’च्या शेजारी मला स्वतःचं एक नवं ‘हं’ ठेवावं लागतं. ते माझ्यानं होईना. म्हणून मी, ज्याला तुमची बहीण ‘लांबचा रस्ता’ म्हणते, तो धरला. संध्याकाळी मी कळवलं की ही साधना हिमदानाची आहे: देवळात आलेला बर्फ भक्तांनी स्वहस्ते उचलून ओढ्याकाठच्या खडकावर नेऊन अर्पण करायचा, आणि मूळ दात्यानं पहिली टोपली उचलायची. असा विधी कोणत्याही ग्रंथात नाही. आता आहे म्हणायला हरकत नाही, कारण सव्वीस माणसं आली.

मंत्राशिवाय कुणी टोपली उचलेना. ऐन वेळी मला काही सुचलं नाही, तेव्हा मी डोळे मिटून, सगळ्यात गंभीर चालीवर, विद्यार्थिदशेत घोकलेली संस्कृत विभक्तिरूपं सुरू केली: हिमं हिमे हिमानि, हिमेन हिमाभ्यां हिमैः. ओळीतून टोपल्या चालू लागल्या. चतुर्थीला अर्धा ढीग उतरला. षष्ठीला मिनेआजींनी डोळे पुसले. उसुइ आणि ओबिनाता एकाच टोपलीचे दोन कान धरून, एकमेकांकडे न बघता, सात खेपा गेले. संबोधनाला आलो तेव्हा वाफा मोकळा झाला होता, आणि जमीन वरून दगडासारखी गोठलेली असल्यामुळे खारं पाणी बोटभरसुद्धा खाली उतरलेलं नव्हतं. वरची ओली पापुद्र्याएवढी माती मी स्वतः खरवडून काढली. त्या बाबतीत मी पूर्ण निश्चिंत आहे.

नंतर चहाला सगळे पांगले आणि ओबिनाताकाका एकटेच पायरीवर बूट हातात घेऊन बसले. त्यांनी बोट जिभेला लावून दाखवलं.

“मिठाचा होता ना?”

मी हो म्हटलं.

“मग तसं सांगायचं. थोरले महाराज असते तर त्यांनी पहिलं घमेलं माझ्या डोक्यावर उपडं केलं असतं. पाच मिनिटांत काम.” बुटातला खडा त्यांनी झटकला. “एकदा उबेनं मारलं, एकदा मिठानं मारायला निघालो. मला आता त्या वाफ्याच्या जवळ उभं करू नका, महाराज.”

मी म्हटलं, उभं तर करणारच, कारण आता खरा बर्फ आणायचा आहे आणि तो तुमच्याइतका सरळ कडेनं कुणाला रचता येत नाही. त्यांनी बूट पायात घातले. मग त्यांनी विचारलं, थोरले महाराज मेमध्ये नक्की येणार ना. मी नक्की म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घाटमाथ्याच्याही वर, जिथं रस्ताच जात नाही अशा बीच वृक्षांच्या रानातून, आम्ही घसरगाड्यांवरून स्वच्छ बर्फ उतरवला. आठ माणसं, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. प्रत्येक गाडी ओबिनाताकाका आधी चाखत आणि मगच पुढे सोडत, शेवटी त्यांचं तोंड इतकं बधिर झालं की उसुइंनी त्यांना आपल्या बाटलीतला गरम चहा दिला आणि एकोणीस वर्षांनी पहिलं वाक्य उच्चारलं: “सांडू नकोस.” वाफ्यावर कमरेइतकं पांघरूण झालं. आम्ही हात झटकले, एकमेकांची पाठ थोपटली आणि झोपलो. सकाळी उठून पाहतो तो आभाळातून एक मीटर पडलेला, आणि अजून पडतोच आहे. आमचा बर्फ कुठला आणि देवाचा कुठला, सांगता येत नाही. गावानं याचं श्रेय हिमदानाला दिलं असून पुढच्या वर्षीही तो विधी व्हावा अशी सूचना लेखी आली आहे. काल छपरावर चढून मी चार तास उपसा केला. म्हणजे तुमच्या पत्रातली पहिली ओळ अखेर खरी ठरली, फक्त तीन आठवडे उशिरा. तक्रार मी तरीही मागे घेत नाही.

एकूण परिस्थिती उत्तम आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याची रजा आत्ताच मांडून ठेवा, वहिनींना आणा, गव्हाच्या पिठाचे, भाजी भरलेले ओयाकी फुमिए करेलच. सतरा फुलं समोर, बाबा खुर्चीत, आणि तुम्ही हात मागे बांधून, चेंडूशिवाय. ते दृश्य मला आताच दिसतं आहे. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद आणि निकालाबद्दल आगाऊ सहानुभूती.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
काइजुन

ता. क. तुमच्या शीतगृहात लांब दांडीचे तापमापक असतात म्हणे. मोडीत निघालेला एखादा असेल तर पाठवा. बर्फाच्या पोटात किती आहे ते हात न घालता कळायला हवं.

आणखी ता. क. वर मी सतरा लिहिलं आहे. खरवडताना मी प्रत्येक कोंब बोटानं चाचपला होता. बारा टणक आहेत. चार मऊ लागले. एकाचं मला सांगता येत नाही. हे फुमिएला ठाऊक नाही, आणि ओबिनाताकाकांना तर मुळीच कळता कामा नये. बारा फुलंही पुष्कळ दिसतात. बाबांची नजर आता अधू आहे, ते मोजणार नाहीत.

शेवटचं. दादा, हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्या दोन्ही वेळा जे सांगायचं होतं ते राहिलं आणि बर्फाचंच लिहिलं गेलं. या वेळीही तसंच झालं आहे, म्हणून ते इथं लिहितो. गेल्या मंगळवारी शुश्रूषागृहाच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की बाबांचं हृदय थकलं आहे, पाणी पायांपर्यंत उतरलं आहे, आणि मेचं ते काही सांगू शकत नाहीत. जेवणाविषयीची मतं खरी आहेत, पण ती बाबा दोन घासांनंतर मांडतात आणि डोळे मिटतात. फुमिए तुम्हाला फोन करायचा म्हणून उचलते आणि ठेवून देते. तुमच्याशी ती लहानपणापासून फक्त भांडत आली आहे, बाबांचं हे असलं कसं सांगायचं ते तिला येत नाही. मलाही येत नाही, हे तुम्ही पाहिलंतच. फुलं येतील, बारा किंवा तेरा, त्याची मला काळजी नाही. मला भीती एकाच गोष्टीची वाटते, की तुम्ही हे पत्र वाचाल, हसाल, आणि मे महिन्याचं तिकीट काढाल.